हजेरीपटावरील नावे

पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार : उत्तम मेंढपाळाचा रविवार
(शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस एका शिक्षिकेचे चिंतन)



पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार ख्रिस्तसभा उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून साजरा करते. या दिवशी दर वर्षी संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील उतारा वाचला जातो. १९६४ सालापासून याच सुमारास पाचारणासाठी जागतिक प्रार्थना दिनही पाळला जातो. पाचारण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धर्मगुरू आणि धर्मभगिनी येतात. ते योग्यच आहे. पण परमेश्वर लेकरांना शिकवण्यासाठीही माणसांना बोलावतो, आणि आईबापांना तर सर्वांच्या आधी बोलावतो.

हा रविवार आम्हा शिक्षकांच्या फार सोयीच्या दिवसांत येतो. परीक्षा आटोपलेल्या असतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून झालेले असतात. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन होते, मुलांच्या हाती प्रगतीपुस्तके पडतात आणि शाळेला कुलूप लागते. मुले करवंदे आणि आंबे शोधत रानात पांगतात. रिकाम्या वर्गात शिक्षक एकटा बसतो आणि समोर वर्षभराचा हजेरीपट असतो. फादरांनी या अंकासाठी चार शब्द लिहायला सांगितले, तेव्हा तो हजेरीपट आणि हे शुभवर्तमान मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. त्यातून जे सुचले ते आपल्यापुढे ठेवते.

तो नावाने हाक मारतो

प्रभू येशूने ज्या लोकांना हा दाखला सांगितला त्यांना मेंढवाडा रोजचा परिचयाचा होता. त्या देशात रात्री अनेकांचे कळप एकाच वाड्यात कोंडत असत. दारावर एक राखण्या असे. सकाळी एकेक मेंढपाळ येई, आपल्या मेंढरांना हाक मारी, आणि त्या गर्दीतून नेमकी त्याचीच मेंढरे बाहेर पडत. मग तो त्यांच्या पुढे चालू लागे. मागून काठी मारणे ही त्याची रीत नव्हती.

आपल्या जव्हार-मोखाड्याकडे मेंढ्या फारशा नाहीत, पण गुरे आणि शेळ्या आहेत. आपल्या पाड्यावरचा दहा वर्षांचा गुराखी पोरगासुद्धा संध्याकाळी कोणती गाय मागे राहिली हे न मोजता सांगतो. त्याला आकडा लागत नाही, कारण त्याला प्रत्येक गाय ओळखू येते. प्रभू येशू नेमके हेच सांगतो. तो आपल्याला मोजत नाही, तो आपल्याला ओळखतो.

शाळेत रोज सकाळी हजेरी होते. शिक्षक नाव घेतो, मूल ‘हजर’ म्हणते. पाहायला गेले तर ते रोजचेच सरकारी काम आहे. पण घरात दिवसभर ‘अरे पोरा’, ‘ए पोरी’ एवढीच हाक ऐकणाऱ्या मुलाचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, दिवसातून एकदा तरी कोणीतरी मोठ्याने उच्चारते ते त्या हजेरीच्या वेळी. पहिलीतली मुले सुरुवातीला आपले नाव ऐकून गोंधळतात. शेजारचा ढोसतो, मग ती लाजत उभी राहतात. दिवाळीपर्यंत तीच मुले ताठ उभी राहून ‘हजर’ म्हणतात. वर्षभरात मूल बाराखडी शिकते, पाढे शिकते, पण त्याआधी ते एवढे शिकते की आपल्याला नाव आहे आणि आपण नसलो तर कोणाच्या तरी ते ध्यानात येते.

नव्याण्णव टक्के

आता हजेरीपटाची दुसरी बाजू पाहू. जून ते ऑक्टोबर हे रकाने बरे भरलेले असतात. नोव्हेंबर उजाडला की रकान्यांत गैरहजेरीची खूण वाढू लागते.

याचे कारण आपल्याला कोणी सांगायला नको. भात, नागली, वरई घरात येते. ती किती दिवस पुरणार हे घरातल्या बाईला कणगीकडे पाहूनच कळते. दिवाळी झाली की शेठचा माणूस पाड्यावर येतो. कोणी आजारपणासाठी, कोणी लग्नासाठी, कोणी घरावर पत्रे घालण्यासाठी उचल घेतलेली असते. मग भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे टेम्पोत चढवून कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कोणी नाशिककडे बांधकामावर जाते. विटांची मजुरी हजारावर ठरते, म्हणून जितके हात जास्त तितका हजार लवकर भरतो. मूल मातीशी खेळता खेळता विटा उलट्या करायला लागते, आणि मग खेळ संपून काम कधी सुरू झाले ते कोणालाच कळत नाही. शिमग्याला काही दिवस घरी येणे होते. पुन्हा जायचे, आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे.

असे एखादे मूल मार्च-एप्रिलमध्ये वर्गात येऊन बसते, तेव्हा त्याला पुस्तकाचे कोणते पान चालू आहे ते कळत नाही. पण त्याला विचारा, एका रांगेत इतक्या विटा, तर अशा इतक्या रांगांत किती झाल्या? ते पटकन उत्तर देते. हिशेबात ते कच्चे नसते. त्याची सहा महिन्यांची शाळा तेवढी बुडालेली असते. प्रगतीपुस्तकात मात्र या दोन गोष्टींसाठी वेगळे रकाने नाहीत.

वर्षअखेरीस शाळेचा अहवाल तयार होतो. समजा, शंभरापैकी नव्याण्णव मुले परीक्षेला बसली. कोणत्याही कार्यालयात अशा शाळेचे कौतुकच होईल, आणि कागदाच्या हिशेबाने ते रास्तही आहे. पण संत लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ या हिशेबावर समाधान मानत नाही. नव्याण्णव सुखरूप असताना तो शंभराव्याच्या शोधात निघतो. व्यवहारी माणसाला हे वेडेपण वाटेल. ज्याच्याकडे फक्त आकडा आहे त्याला नव्याण्णव पुरतात. ज्याच्याकडे नावे आहेत त्याला शंभरावे नाव झोपू देत नाही. आणि ते शंभरावे मूल आपले स्वतःचे असेल, तर आपणही त्या मेंढपाळासारखेच वागू.

शाळा उठून अंगणात गेली

असा मेंढपाळ आपल्याच जिल्ह्याने पाहिला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि अवघ्या काही महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य चुलीपाशी संपायचे. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि समाजाने मागे टाकलेल्या मुलांकडे आल्या.

बोर्डीत बालवाडी काढली, पण वाडीवस्तीवरची गरीब मुले तेथे येईनात. तेव्हा ‘यांना शिक्षणाची गोडीच नाही’ असे म्हणून त्या दोघी गप्प बसल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आज देशभर खेड्यापाड्यांत जो शब्द बोलला जातो त्याचे मूळ आपल्या या किनाऱ्यावरच्या एका अंगणात आहे. पुढे हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. मग शाळा त्यांच्या मागे कुरणात गेली आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरत राहिली आणि मुले शिकत राहिली. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई १९९२ साली जाईपर्यंत याच मुलांसाठी झटत होत्या.

पुढे वीटभट्टीवरच्या मुलांसाठीही कोणीतरी असाच विचार केला. भट्टीवर मजूर ज्या झोपडीत राहतात तिला भोंगा म्हणतात. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने त्या भोंग्यांपाशी शाळा चालवल्या आणि त्यांचे नावच भोंगाशाळा पडले.

बंधू-भगिनींनो, मूल शाळेत येत नाही, तर शाळेने उठून मुलाकडे जावे, हा विचार शुभवर्तमानाशी किती जुळतो पाहा. देवपुत्रानेही हेच केले. माणूस देवाकडे पोहोचत नव्हता, म्हणून देव माणसाच्या अंगणात आला.

बारा वर्षांची मुलगी

संत मार्कच्या पाचव्या अध्यायात याईरची कथा आहे. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची मुलगी मरणाला टेकली आहे. तो येशूच्या पाया पडतो. येशू त्याच्याबरोबर निघतो, पण वाटेतच निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला द्यायचा? येशू थांबत नाही. घरात रडारड चालली आहे, लोक त्याला हसतात. तो मुलीच्या आईबापांना बरोबर घेतो, आत जातो, तिचा हात धरतो आणि तिला उठवतो.

या कथेतील तीन बारीक गोष्टी एका शिक्षिकेच्या नजरेतून सुटत नाहीत.

पहिली गोष्ट मुलीचे वय. मार्क मुद्दाम नोंद करतो की ती बारा वर्षांची होती. आमच्या हजेरीपटातून मुली कोणत्या वयात नाहीशा होतात? साधारण याच वयात. गावातली शाळा संपते, पुढची शाळा लांब असते. धाकटे भावंड सांभाळायला कोणीतरी हवे असते. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की पाण्याच्या हंड्यासाठी पहाटेपासून रांगेत उभे राहणारे कोणीतरी हवे असते. ते कोणीतरी बहुधा मुलगीच असते. मग एखाद्या मे महिन्यात तिचे लग्न ठरल्याचे कानावर येते. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीचे लग्न अठरा वर्षांआधी करणे गुन्हा आहे, हे आपल्याला माहीत असते. तरीही घरोघरी तोच निरोप ऐकू येतो. आता काय उपयोग, तिची शाळा संपली, बाईंना त्रास कशाला द्यायचा? याईरच्या घरून आलेला निरोपही असाच होता. प्रभूने तो मानला नाही. ज्याला सारे संपले असे म्हणतात, ते प्रभूच्या लेखी निजलेले असते आणि त्याला उठवता येते.

दुसरी गोष्ट भाषेची. मार्कने आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले, पण येशूने त्या मुलीला उठवताना जे शब्द उच्चारले ते त्याने मूळ आरामाईक भाषेतच ठेवले आणि पुढे त्यांचा अर्थ दिला. आरामाईक ही त्या मुलीच्या घरची, तिच्या आईची बोली. मरणाच्या झोपेतून उठवणारी हाक तिला तिच्या स्वतःच्या भाषेत आली.

आपल्या घरांत वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी अशा बोली बोलल्या जातात. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत त्याचे सारे जग त्या बोलीत असते. पुस्तकात ‘नाचणी’ छापलेले असते आणि मुलाच्या ताटात ‘नागली’ असते. दोन्ही एकच धान्य, हे कोणी सांगेपर्यंत मुलाला वाटते की पुस्तकात जे आहे ते आपल्या घरी नाही, आणि आपल्या घरी जे आहे ते शहाण्या माणसांच्या पुस्तकात बसत नाही. मग ते गप्प होते. त्या गप्प बसण्याला आपण ‘मंद आहे’ असे नाव देतो. आपल्या बोलीची लाज बाळगू नका, आणि लेकरांनाही ती बाळगू देऊ नका. घरच्या बोलीवर पाय रोवून उभे राहिलेले मूल पुस्तकातली मराठीही चांगली शिकते, आणि पुढे इंग्रजीही. आता काही आठवड्यांनी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण येईल. त्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या परदेशी लोकांना शुभवर्तमान आपापल्या भाषेत ऐकू आले होते. देवाला सर्वांना एकच भाषा बोलायला लावणे सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही.

आधी घास, मग धडा

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आहे. मुलगी उठून चालू लागली, सारे थक्क झाले. अशा वेळी एखाद्याने उपदेश केला असता. येशूने काय सांगितले? हिला काहीतरी खायला द्या. मृत्यूवर विजय मिळवणाऱ्या प्रभूला त्या क्षणीही पोरीच्या पोटातली भूक दिसली.

पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी त्याने हेच केले. रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांसाठी त्याने निखाऱ्यावर मासळी आणि भाकर तयार ठेवली. आधी त्यांची न्याहारी झाली. मग त्याने पेत्राला तीन वेळा प्रेमाविषयी विचारले आणि आपला कळप त्याच्या हाती दिला. त्यात सर्वांत आधी त्याने कोकरांचे नाव घेतले. मोठी मेंढरे नंतर आली.

जव्हार-मोखाड्याला भुकेविषयी कोणी शिकवायला नको. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा आपल्या तालुक्याचे नाव साऱ्या राज्याला कळले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर २०१६ साली मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंनी पुन्हा सर्वांना हादरवले. या मधल्या काळात शाळेत दुपारचे जेवण सुरू झाले. केंद्र सरकारची योजना १९९५ सालची आहे, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. आज कोणी काहीही म्हणो, पण सकाळी न खाता आलेल्या मुलाचे दुपारच्या खिचडीनंतरचे डोळे आम्ही शिक्षक रोज पाहतो. त्या डोळ्यांतच धडा उतरतो.

म्हणून सुट्टी सुरू होताना मनात एक विचार येतो. शाळेची खिचडी बंद झाली, आता हे मूल काय खाणार? मे महिना हा आपल्या भागात सर्वांत अवघड असतो. कणगी तळाला गेलेली असते, पाणी दूर गेलेले असते. ही गोष्ट शाळेच्या हातात राहत नाही. ती पाड्याच्या, शेजारपाजारच्या आणि धर्मग्रामाच्या हातात येते.

शिक्षकाचा हिशेब

शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्तिस्ट द ला साल यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी फ्रान्समधील रॅम्स शहरात एका सधन घरात झाला. ते तेथल्या कॅथेड्रलमध्ये मानाच्या पदावर होते. गरीब मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या काही साध्या शिक्षकांना मदत करता करता ते त्यात पुरते ओढले गेले. त्यांनी आपले पद सोडले. १६८४ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा आपली संपत्ती त्यांनी उपाशी लोकांच्या भाकरीसाठी वाटून टाकली. हा पैसा स्वतःच्या शाळांसाठी ठेवावा असे त्यांना अनेकांनी सुचवले होते. त्या काळी मुलांना वाचन लॅटिनमधून शिकवण्याची रीत होती. ला साल यांनी ते मुलांच्या फ्रेंच भाषेतून सुरू केले. आधी भाकर आणि घरची भाषा, हा याईरच्या घरातला धडा त्यांनी असा गिरवला. १७१९ साली ७ एप्रिलला, उत्तम शुक्रवारी, ते देवाघरी गेले. १९५० साली पोप पायस बारावे यांनी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

या संताने आपल्या शिक्षक बंधूंसाठी सुट्टीच्या काळात करायची सोळा चिंतने लिहून ठेवली. वर्ष संपले की शिक्षकांनी एकांतात जावे आणि ही चिंतने करावीत, असा त्यांचा हेतू होता. त्यांतील दोन चिंतने हिशेबाविषयी आहेत. शिक्षकाला मुलांविषयी देवापुढे हिशेब द्यावा लागेल असे ते सांगतात. आणि त्यानंतरची, शेवटची दोन चिंतने शिक्षकाला मिळणाऱ्या प्रतिफळाविषयी आहेत. आधी हिशेब, मग प्रतिफळ, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

शिक्षकाकडे हिशेब मागणारे पुष्कळ असतात. केंद्रप्रमुख मागतात, तालुक्याचे कार्यालय मागते. त्या हिशेबात पटसंख्या, टक्केवारी, वाटलेली पुस्तके आणि गणवेश असतात. ते सारे द्यावेच लागते. पण देव हजेरीपट उघडील तेव्हा तो एकेका नावावर बोट ठेवील. या मुलाला तुझी भीती वाटत होती का? हे मूल मागच्या बाकावर बसायचे, त्याचा आवाज तू वर्षभरात किती वेळा ऐकलास? हे नाव डिसेंबरमध्ये गेले, तेव्हा ते कुठे गेले याची चौकशी केलीस का? हे प्रश्न प्रत्येक शिक्षकाने सुट्टी लागण्यापूर्वी स्वतःला विचारावेत. आणि शिक्षक एकटेच का विचारतील? द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात आईवडीलच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत हे स्पष्ट केले आहे. तेव्हा हा हजेरीपट घरोघरीही उघडणार आहे.

प्रतिफळाचे काय? आपल्या शेतीकडे पाहा. आपण आताच राब भाजून ठेवले आहेत. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जमीन भाजली, ती काळी ठिक्कर पडली. परक्या माणसाने पाहिले तर म्हणेल, या लोकांनी शेत जाळून टाकले. आपल्याला ठाऊक आहे की पहिल्या पावसानंतर याच राखेतून रोप सर्वांत हिरवे येते. शिक्षकाचे काम राबासारखे आहे. ज्या मुलावर वर्षभर मेहनत घेतली त्याचे रोप उपटून दुसऱ्या शेतात लावले जाते, आणि कणीस धरलेले आपल्याला दिसतेच असे नाही. संत पौलाने करिंथच्या लोकांना हेच समजावले होते. त्याने लावले, अपुल्लोसने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली. हे वाक्य आळशी माणसाची पळवाट नाही. पौलाने लावायचे सोडले नाही आणि अपुल्लोसने पाणी घालायचे सोडले नाही. आपले काम पूर्ण केलेल्या माणसालाच उरलेले देवावर सोपवण्याचा अधिकार आहे.

शाळा उघडेपर्यंत

प्रवचन ऐकून आपण घरी जातो आणि सोमवारी कामाला लागतो. म्हणून जूनच्या मध्याला शाळा उघडेपर्यंत करता येतील अशा काही गोष्टी सांगते. त्यांना पैसा फारसा लागत नाही, पण मेंढपाळाची नजर लागते.

एक. आपल्या पाड्यावरचे कोणते मूल शाळेतून सुटले आहे, त्याचे नाव प्रत्येक कुटुंबाने शोधावे. ‘काही मुले’ असे म्हणू नका, नाव घ्या. रविवारच्या मिस्सेला येताना ते नाव मनात घेऊन या आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्याच्यासाठी आपण नाव घेऊन प्रार्थना करतो, त्याच्या घरी जाण्यावाचून आपल्याला राहवत नाही.

दोन. भट्टीवरून परतलेल्या आईबापांना कोणीतरी सांगा की मुलाला शाळेत घ्यायला उशीर झालेला नाही. २०१० सालापासून अमलात असलेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ज्यांनी पुढच्या दिवाळीनंतर जायचे ठरवलेच आहे, त्यांनी शाळेत आधी कळवावे. मूल जेथे जाईल तेथील शाळेत त्याला बसवता यावे, यासाठी शिक्षण हमी कार्ड मागावे. गावात हंगामी वसतिगृह चालत असेल, किंवा आजी-आजोबांजवळ राहणे जमत असेल, तर मुलाला मागे ठेवण्याचा विचार करावा.

तीन. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. जी मुले तीत मागे पडतात त्यांना फेरपरीक्षेची संधी असते. आपल्या शेजारी असे मूल असेल तर त्याला टोमणे मारू नका. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी त्याच्याजवळ रोज एक तास बसली, तरी त्याचे वर्ष वाचेल.

चार. सातवी-आठवी झालेली मुलगी घरी असेल, तर तिच्या वडिलांशी बोला. याईर हा बाप होता. तो सभास्थानाचा अधिकारी होता, तरी मुलीसाठी सर्वांसमोर गुडघ्यांवर आला. आपल्या धर्मग्रामातील बापांनी याईरकडून एवढे शिकावे की मुलीसाठी कोणाच्या तरी दारी जाण्यात कमीपणा नाही. आश्रमशाळेत, वसतिगृहात, प्रकल्प कार्यालयात चौकशी करायला तिच्याबरोबर जा.

पाच. ज्यांच्या घरी या महिन्यात दोन वेळची चूल पेटते, त्यांनी शेजारच्या पोरांना एक वेळ आपल्या लेकरांच्या पंगतीला बसवावे. त्याचा गाजावाजा करू नये. आंबील असो, भाकर असो, जे असेल ते द्यावे. प्रभूनेही निखाऱ्यावरची मासळीच वाढली होती.

प्रिय बंधू-भगिनींनो, शुभवर्तमानात येशू म्हणतो की चोर येतो तो नेण्यासाठी, आणि आपण आलो आहोत ते भरभरून जीवन देण्यासाठी. आपल्या लेकरांचे वर्ष चोरणारे पुष्कळ आहेत. भूक आहे, उचल आहे, दारू आहे, आणि ‘आपल्याला शिकून काय करायचे’ हा विचारही आहे. हा विचार तर दारातून येत नाही, कुंपणावरून उडी मारून येतो आणि घरातलाच होऊन बसतो. त्याची वाट अडवायला दारावर राखण्या हवा. ती जागा आपली आहे.

जूनमध्ये पहिला पाऊस पडेल आणि शाळेची घंटा वाजेल. नवा हजेरीपट कोरा असेल, पण त्यात लिहायची नावे जुनीच आहेत. देवाने ती केव्हाच आपल्या तळहातावर कोरून ठेवली आहेत. त्यांपैकी एकही नाव पुकारल्यावर वर्गात शांतता पसरू नये, एवढे मागणे आज वेदीपाशी ठेवू या.

आपण प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, उत्तम मेंढपाळा, तू आम्हा प्रत्येकाला नावाने ओळखतोस. या वर्षी आमच्या शाळांत जी लेकरे शिकली त्यांना ज्ञानात आणि कृपेत वाढव. जी भट्टीवर, बांधकामावर, रानात राहिली त्यांच्यापर्यंत आम्हाला पोहोचव. आमच्या मुलींचा हात धरून त्यांना उभे कर. शिक्षकांना धीर दे, आईबापांना आशा दे, आणि पाऊस येईपर्यंत कोणत्याही घरातली चूल विझू देऊ नकोस. तुझी माता पवित्र मरिया आणि संत जॉन बाप्तिस्ट द ला साल यांच्या मध्यस्थीने आमची ही विनवणी ऐक. आमेन.